आयर्लंडच्या पबात सहकुटुंब जेवायला जाताना

"पबमध्ये? आईबाबांना घेऊन? मुलांसकट?" आयर्लंडला फिरायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नातेवाइकाने मला फोनवर हा प्रश्न विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. पुण्या-मुंबईत पब म्हटलं की अंधार, कानठळ्या बसवणारं संगीत आणि दाराशी उभा बाउन्सर डोळ्यांपुढे येतो. आयर्लंडमधल्या गावचा पब निराळा. तिथे बाप्तिस्म्यानंतरची जेवणावळ होते, मयताहून परतलेली माणसं गरम सूप घ्यायला बसतात, एखादे आजोबा खिडकीशी पेपर वाचत असतात आणि टेबलाखाली कुणाचं तरी पोर खडू शोधत असतं. आपल्या गावात पार किंवा चावडी जे काम करते ते तिथे पब करतो. दारू मिळते, पण न पिणाऱ्याकडे कुणी वळूनही बघत नाही.

मी आठ वर्षं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवे शहरात राहते. दर उन्हाळ्यात कोल्हापूर, पुणे, ठाण्याहून कुणी ना कुणी येतं. मोहरचे कडे बघून झाले की मी सगळ्यांना तिथून आठेक किलोमीटरवरच्या डूलिन गावी जेवायला नेते. सासूबाई शाकाहारी, सासरे हौशी, मुलं सहा आणि अकरा वर्षांची. या मंडळींबरोबर जे शिकले ते क्रमाने सांगते. ती संध्याकाळ जमली तर सहलीतल्या कितीतरी प्रेक्षणीय स्थळांपेक्षा जास्त लक्षात राहते, आणि ती जमणं बहुतांशी वेळेवर अवलंबून असतं.

आधी घड्याळ जुळवा

तीन वेळा लक्षात ठेवायच्या आहेत, आणि त्या तिन्हींचं एकमेकींशी पटत नाही.

पहिली वेळ किचनची. पब रात्री साडेअकरापर्यंत उघडा असतो, शुक्रवारी-शनिवारी साडेबारापर्यंत, रविवारी अकरापर्यंत, पण जेवण तोवर मिळत नाही. बऱ्याच गावांत किचन ९ वाजता बंद होतं, काही ठिकाणी साडेआठलाच. त्यानंतर फक्त पेयं आणि चिप्सची पाकिटं.

दुसरी वेळ मुलांची. कायद्याप्रमाणे १५ वर्षांखालच्या मुलांना पबात आईवडील किंवा पालकांबरोबरच जाता येतं, आणि १८ वर्षांखालच्या कुणालाही रात्री ९ नंतर बारमध्ये थांबता येत नाही. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात ही मर्यादा १० वाजेपर्यंत आहे. मालक प्रेमळ असला तरी वेळ झाली की येऊन सांगतोच, कारण प्रश्न त्याच्या परवान्याचा असतो. तुमच्यासोबत १८ ते २० वर्षांचं कुणी असेल तर ९ नंतर त्याच्याजवळ वयाचा पुरावा हवा. कॉलेजात जाणाऱ्या भाच्याला पासपोर्ट खिशात ठेवायला सांगा.

तिसरी वेळ संगीताची. पारंपरिक आयरिश संगीताची बैठक, जिला तिथे सेशन म्हणतात, बहुतेक ठिकाणी रात्री साडेनऊच्या सुमारास सुरू होते. म्हणजे मुलांना उठवून बाहेर न्यायचं आणि पहिला फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजायचा, हे एकाच वेळी.

त्यात उन्हाळ्यातला उजेड फसवतो. जूनअखेरीस पश्चिम किनाऱ्यावर सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. पहिल्या वर्षी आम्ही कड्यांवरून रमतगमत उतरलो तेव्हा ऊन आपल्याकडच्या पाच वाजल्यासारखं होतं, आणि घड्याळात वाजले होते नऊला पाच. किचन नुकतंच बंद झालं होतं. सहा वर्षांच्या पोराने त्या रात्री चिप्सचं पाकीट आणि सफरचंद खाल्लं. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे: साडेपाचला पबात पोहोचायचं, सहाला ऑर्डर, साडेसातला ताटं रिकामी, मग संगीत, आणि मुलं पेंगायच्या आत बाहेर.

त्यासाठी लवकरचं सेशन शोधावं लागतं, आणि उन्हाळ्यात ते सापडतं. गॉलवे शहरातल्या टिग कोली पबात दिवसाला दोन सेशन्स असतात, त्यातलं पहिलं संध्याकाळी लवकर बसतं. डूलिनमध्येही पर्यटकांच्या मोसमात काही पबांत लवकर वाजवायला बसतात, मात्र रोजची वेळ त्या त्या दिवशीच कळते.

एक फोन करा

जुलै-ऑगस्टमध्ये, शनिवार-रविवारी किंवा हर्लिंगची (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) मोठी मॅच असेल त्या दिवशी न विचारता जाऊ नका. काही पब टेबल राखून ठेवतात, काही 'लवकर या, जागा मिळेल' एवढंच सांगतात. फोनवर मी किचन कधी बंद होतं, मुलं चालतील का, आज संगीत किती वाजता आहे आणि ते माइक लावून गिटारवर गाणं आहे की खरं सेशन, हे विचारते. आजी-आजोबा बरोबर असले तर आणखी एक प्रश्न: बाथरूमला जायला जिना आहे का? जुन्या इमारतींत बाथरूम बऱ्याचदा वरच्या मजल्यावर किंवा तळघरात असतं, आणि गुडघे दुखणाऱ्याची सगळी संध्याकाळ त्यापायी खराब होते.

संगीतासाठी नावाजलेल्या प्रत्येक पबात जेवण मिळतंच असंही नाही. डब्लिनच्या स्मिथफील्डमधला कॉबलस्टोन ऐकण्यासाठी उत्तम, पण जेवण दुसरीकडे उरकून तिथे जावं. डब्लिनच्या टेंपल बार भागात गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. मुलांबरोबर मी तो भाग दिवसा बघते, जेवायला थांबत नाही. सगळा मुक्काम डब्लिनातच असेल तर दक्षिणेच्या डोंगरातल्या ग्लेनकलन गावी जॉनी फॉक्सेस हा पब आहे. तिथे जेवणाबरोबर संगीत आणि आयरिश नाच असा बांधलेला कार्यक्रम असतो. आगाऊ बुकिंग लागतं. सेशनची सहजता त्यात नाही, पण नाच बघायला मुलांना फार आवडतो.

बेलफास्टला जाणार असाल तर ते उत्तर आयर्लंड. तिथे चलन पौंड, आणि मुलांबाबतचे नियमही वेगळे. वरच्या वेळा तिथे लावू नका.

आत शिरल्यावर

दारात थांबून कुणी बसवेल याची वाट बघत राहू नका. काउंटरवर जा, 'जेवायला आलोय, इतकी माणसं आहोत' एवढं सांगा, ते हात करून जागा दाखवतात. बऱ्याच पबांत दोन भाग असतात: समोरचा बार आणि मागचा लाउंज. कुटुंबाने लाउंजमध्ये बसावं. तिथे खुर्च्या ऐसपैस आणि आवाज कमी. काही जुन्या पबांत स्नग नावाची लाकडी खोली असते, चार-सहा माणसं मावतील एवढी, काउंटरकडे उघडणाऱ्या छोट्या खिडकीसकट. पूर्वी ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचं नसे, अशा बायका, पाद्री, पोलीस तिथे बसत. आता तान्ह्या बाळाला घेऊन आलेल्यांसाठी त्यासारखी जागा नाही. रिकामी दिसली तर लगेच पकडा.

कोपऱ्यातलं एखादं मोठं टेबल गर्दीतही रिकामं असेल, त्यावर छोटी पाटी किंवा एखादी पेटी ठेवलेली असेल, तर ते वादकांचं. तिथे बसू नका.

आत धुराचा त्रास नसतो. २००४ च्या मार्चमध्ये आयर्लंडने पबांसकट कामाच्या सगळ्या बंदिस्त जागांत धूम्रपान बंद केलं, आणि असं करणारा तो जगातला पहिला देश. बाहेरच्या बाकांवर मात्र सिगारेट ओढतात, म्हणून मुलांना घेऊन आतच बसा.

बाथरूमच्या दारांबद्दल मुलींना आधी सांगून ठेवा. काही ठिकाणी फक्त आयरिश भाषेत लिहिलेलं असतं. 'फिर' म्हणजे पुरुष आणि 'म्नॉ' म्हणजे स्त्रिया. इंग्रजी अक्षरांत पहिल्याची सुरुवात एफने आणि दुसऱ्याची एमने होते, त्यामुळे आपल्या माणसांचा हमखास उलटा समज होतो.

ऑर्डर आणि ताट

काही ठिकाणी मेन्यू टेबलावर येतो आणि मुलगी वहीत लिहून घेते. काही ठिकाणी काउंटरवर जाऊन सांगावं लागतं, आणि तेव्हा टेबलाचा नंबर पाठ हवा. काउंटरवर रांग नसते, तरी कोण आधी आलं हे बारमनला बरोबर माहीत असतं. नोट हलवू नका, हाक मारू नका. नजर मिळाली की पुरे. मुख्य पदार्थ साधारण २० युरोच्या आसपास पडतो आणि ताट भरलेलं येतं. मुलांसाठी वेगळा छोटा मेन्यू असतो, आणि भूक कमी असलेल्या मोठ्यांनी दोघांत एक घेतलं तरी कुणाचं काही म्हणणं नसतं.

आता शाकाहार, कारण आपल्या मंडळींची खरी काळजी तीच. 'व्हेजिटेरियन' एवढंच सांगून थांबू नका. मांस नको, मासे नकोत, चिकनच्या पाण्यात शिजवलेलं नको, असं फोडून सांगा. भाज्यांचं सूप दिसायला निर्दोष असतं, पण त्याखाली चिकनचा स्टॉक असू शकतो. ताटातल्या चिप्स म्हणजे बटाट्याचे फ्रेंच फ्राइज, ते कधी मासे तळलेल्या तेलात तळतात. विचारलं तर खरं उत्तर मिळतं. कायद्याने १४ ॲलर्जीकारक घटकांची लेखी माहिती त्यांना द्यावीच लागते, म्हणून शेंगदाणे, अंडं किंवा गहू चालत नसलेल्यांनी ती यादी मागून घ्यावी.

सासूबाईंचं ठरलेलं ताट म्हणजे सूप आणि ब्राउन ब्रेड. हा ब्रेड यीस्टचा नसतो. गव्हाचं जाडसर पीठ, खाण्याचा सोडा आणि ताक, एवढ्यावर फुगवलेला. वर जाड लोणी. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा त्या म्हणाल्या, "याला भाकरीची चव आहे." मला ते अगदी पटलं. बटाट्याचे प्रकारही घ्या: कोलकॅनन म्हणजे लोणी-दूध घालून कुस्करलेल्या बटाट्यात कोबी किंवा केल नावाची पालेभाजी, चँपमध्ये कांद्याची पात. भाजीची करी बऱ्याच पबांत मिळते आणि तिच्याबरोबर 'हाफ अँड हाफ' मागता येतं, म्हणजे अर्धा भात, अर्ध्या चिप्स, दोन्हींवर करी. मुलं यावर खूश. जैन मंडळींना मात्र इथे कठीण जातं, कारण बटाटा आणि कांदा जवळपास सगळ्यातच असतो. त्यांनी निघण्यापूर्वी मुक्कामी पोटभर खाऊन यावं, असं मी स्पष्ट सांगते.

गोमांस न खाणाऱ्यांनी स्ट्यूकडे लक्ष द्यावं. पारंपरिक आयरिश स्ट्यू मेंढीच्या मांसाचा: बटाटा, कांदा, गाजर, बस्स. गिनेस (तिथली काळी बिअर) स्ट्यू असं नाव दिसलं तर तो बहुधा बीफचा. खिम्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर दिलेले दोन पाय असतात: शेफर्ड्स पाय मेंढीचा, कॉटेज पाय बीफचा, आणि दोन्ही वरून सारखेच दिसतात. मॅश केलेल्या बटाट्यावर ओततात तो तपकिरी रस्सा कशाचा आहे, तेही विचारा. ब्लॅक पुडिंग गोड नसतं, ते डुकराच्या रक्ताचं सॉसेज आहे. सी-फूड चाउडर या दाट सूपमध्ये कधीकधी बेकन पडतं. मासे खाणाऱ्या कोकणी माणसाने फिश अँड चिप्स किंवा त्या दिवशीचा ताजा मासा निर्धास्त मागावा. डूलिनमध्ये समुद्र हाकेच्या अंतरावर आहे.

तिखटाची सवय असलेल्यांना हे सगळं सौम्य लागेल. घरचा डबा पबात उघडू नका. लसणीच्या चटणीची पुडी काढायची असेल तर आधी विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, आणि एकदा तर वाढणाऱ्या मुलीनेच चिमूटभर चाखून बघितली.

प्यायला काय

न पिणाऱ्यांची पंचाईत होत नाही. चहा मागा. किटलीभर येतो, कडक असतो, दूध वेगळ्या भांड्यात. गार दूध नको असेल तर गरम करून मागा. मुलांना लाल रंगाचं लेमोनेड द्या, ते खास आयर्लंडचं. रॉक शँडीच्या नावात शँडी (म्हणजे लेमोनेड मिसळलेली बिअर) असली तरी त्यात दारू नसते, संत्रं आणि लिंबू असतं. नळाचं पाणी मागितलं तर मोठं भांडं भरून देतात.

उलटी गोष्ट आयरिश कॉफीची. आपल्याकडच्या कॅफेत आयरिश म्हणजे नुसता गोड सिरप, पण इथे त्यात खरी व्हिस्की असते. आजोबांनी साधी कॉफी समजून मागवण्याआधी सांगा. गोडाच्या यादीतही बेलीज किंवा गिनेस हे शब्द दिसले तर मुलांना देऊ नका. ॲपल क्रंबल आणि कस्टर्ड घ्या.

ज्यांना गिनेस चाखायची आहे त्यांनी घाई करू नये. ग्लास तिरका धरून पाऊणभर भरतात, मग तो काउंटरवर तसाच ठेवतात. करडा फेस हळूहळू वर जाऊन खाली काळा रंग बसला की उरलेला भरतात. यात दोनेक मिनिटं जातात. अर्धवट भरलेला ग्लास आपला समजून उचलू नका. पाइंट म्हणजे ५६८ मिली, पुरेसा मोठा. अर्धा हवा असेल तर 'ग्लास' मागायचा. शून्य टक्क्यांची गिनेसही मिळते, आणि गाडी चालवणाऱ्याने तीच घ्यावी. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ५० मिलिग्रॅम आहे. मी तर म्हणते, चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये. डूलिन ज्यात येतं त्या क्लेअर परगण्याचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी बांध, आणि वळणावर मेंढ्या.

शेजारच्या टेबलावरच्या कुणी 'राउंड'मध्ये तुम्हालाही धरलं, म्हणजे सगळ्यांसाठी पेय आणलं, तर पुढची पाळी तुमची असते. ती न देता निघणं तिथे वाईट दिसतं. नको असेल तर सुरुवातीलाच हसून नाही म्हणा.

संगीत सुरू झालं की

इथे मात्र थोडं थांबून बघा, कारण यासाठीच आपण आलेलो असतो. मंच नसतो. वादक टेबलाभोवती गोल करून एकमेकांकडे तोंड करून बसतात, आणि बाकीच्यांना ते बाजूने ऐकू येतं. फिडल, बासरी, टिन व्हिसल, काँसर्टिना, बँजो, आणि शेळीच्या कातड्याचा बोरॉन नावाचा डफासारखा ढोल, जो छोट्या लाकडी काठीने वाजवतात. नशीब असेल तर इलन पाइप्स ऐकायला मिळतील. त्यात हवा तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखाली भाता दाबून भरतात. या पाइप्सच्या वादनाला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळालं.

जिग ही चाल सहाच्या हिशेबाची, तीन आणि तीन. घरात तबला असलेल्यांना दादरा आठवेल, आणि माझ्या मुलाने खरोखर टेबलावर बोटांनी ठेका धरला होता. रील चारची आणि जोरकस. एक चाल संपली असं वाटतं तोवर न थांबता दुसरी सुरू होते. दोन-तीन चाली अशा जोडून वाजवतात, म्हणून टाळ्यांची घाई नको. पूर्ण थांबले की वाजवा. डूलिनचं नाव या संगीतात झालं ते तिथल्या रसेल बंधूंमुळे, मिको, पॅकी आणि गसी. मिको रसेल टिन व्हिसलवर वाजवायचे. ते १९९४ साली गेले, पण गस ओकॉनर्स पबात आजही लोक त्यांच्या आठवणी सांगतात. हा पब १८३२ पासूनचा आहे. जागा मिळाली तर तिथेच बसा.

मुलांना जवळ जाऊन बघू द्या, पण वाद्यांना हात लावू देऊ नका. फ्लॅश बंद ठेवा. फर्माईश करू नका. मध्येच कुणी एकटं, साथीशिवाय आयरिश भाषेत गायला लागलं तर ते शॅन-नोस. तेव्हा सगळा पब गप्प होतो. काउंटरवरून 'क्यूनस' असा आवाज येतो, म्हणजे शांतता. अशा वेळी मूल रडलं तर त्याला बाहेर घेऊन जा, गाणं संपलं की परत या.

एक रीत आधीच माहीत असलेली बरी. गाणाऱ्याला पुढच्या माणसाचं नाव घ्यायचा मान असतो, त्याला 'नोबल कॉल' म्हणतात. पाहुण्यांकडे बोट दाखवणं लोकांना आवडतं. दोन वर्षांपूर्वी ते सासूबाईंकडे वळलं. त्यांनी पदर सारखा केला, डोळे मिटले आणि जात्यावरची एक ओवी म्हटली, दोन मिनिटांचीसुद्धा नव्हती. त्या थांबल्यावर फिडलवाल्या बाईंनी शेवटची ओळ परत म्हणायला सांगितली आणि स्वर हळूच फिडलवर शोधला. म्हणून सांगते, घरातल्या कुणीतरी एक छोटं गाणं तयार ठेवावं. मोबाइलवर संगीत लावायचं नाही, नुसत्या गळ्याने म्हणायचं. नको असेल तर मान हलवली तरी चालतं.

गप्पांना लोक स्वतःहून येतात. महाराष्ट्रातून आलो म्हटलं की लिओ वराडकरांचं नाव निघतंच. २०१७ मध्ये ते आयर्लंडचे पंतप्रधान झाले, आणि त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या कुटुंबातले, मुंबईहून गेलेले डॉक्टर. मालवणकडची माणसं आमच्याबरोबर असली की त्यानंतर अर्धा तास टेबल सोडत नाहीत.

बिल आणि परतीची वाट

काउंटरवर पेय घेताना टिप देत नाहीत. टेबलावर आणून वाढलं असेल आणि मनाजोगं झालं असेल तर १० टक्के ठेवा. मोठ्या ग्रुपला बिलात सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असू शकतो, म्हणून बिल वाचून बघा. कार्ड सगळीकडे चालतं. तरी थोडी रोकड ठेवा.

स्वतःची गाडी नसेल तर परतीची टॅक्सी जेवायला बसण्यापूर्वीच सांगून ठेवा. डूलिनसारख्या गावात टॅक्सी रस्त्यावर मिळत नाही, आणि रात्री सगळे एकदम निघतात. पबवाल्याला विचारलं तर तो ओळखीच्या चालकाला फोन लावून देतो. गॉलवेला परतायचं असेल तर दीड तासाची वाट आहे, तेव्हा मुलं झोपण्याआधी त्यांना बाथरूमला नेऊन आणा.

निघताना दारापर्यंत 'सेफ होम' असं ऐकू येईल, आपण 'सावकाश जा' म्हणतो तसं. 'थँक्स अ मिलियन' म्हणा, आणि दार उघडण्याआधी सगळ्यांना जॅकेट चढवा. जुलैतसुद्धा रात्री तिथे समुद्रावरून येणारा वारा बोचरा असतो.